मेण कशाचं आणि वात कुठली



दिवाळीला दोन महिने उरले की आपल्या मंडळात टी-लाइटचा विषय निघतोच. कुणी घरापुरत्या पन्नास करते, कुणी प्रदर्शनात विकायला हजार. यंदा जळगावात, आणि माझ्या माहेरी धुळ्यातसुद्धा, एक नवीन टूम निघाली आहे. पॅराफिन वाईट, ते खनिज तेलातून निघतं, त्याची काजळी होते; म्हणून ‘शुद्ध, नैसर्गिक’ असं मधमाशीचं मेण सगळ्यांनी मिळून मागवायचं. माझा त्याला विरोध आहे. सभेत पाच मिनिटांत सगळं बोलून होत नाही, म्हणून इथे लिहिते.

मध आपल्याकडे महाविगईत धरला आहे, मद्य, मांस आणि लोणी यांच्या पंक्तीत. घरात औषधाच्या चाटणाला मध घेत नाही आपण, गुळाच्या पाकावर भागवतो. मग त्याच पोळ्याचं मेण महावीरस्वामींच्या निर्वाण कल्याणकाच्या रात्री उंबऱ्यावर कसं जाळायचं? आग्या मोहोळाचं पोळं धूर करून, माश्या उठवून काढतात आणि पिळतात, तेव्हा त्यात अळ्याही असतात. पेटीतल्या माश्यांच्या मेणात हिंसा कमी असेल, पण पिवळी वडी हातात आल्यावर ती कुठल्या पोळ्याची हे दुकानदारालाही सांगता येत नाही. ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निर्दोष’ नव्हे, हे आपल्याला तरी कुणी शिकवायला नको.

दुसरी वस्तू स्टिअरिक ॲसिड. मेणबत्तीच्या प्रत्येक कृतीत ‘दहा टक्के घाला’ असं लिहिलेलं असतं. ते ताडतेलापासूनही निघतं आणि जनावरांच्या चरबीपासूनही, आणि पांढरी भुकटी दोन्हीची सारखीच दिसते. खाण्याच्या पुड्यावर हिरवा ठिपका पाहायची आपल्याला सवय आहे, मेणाच्या पिशवीवर तो मला अजून दिसलेला नाही. पण गंमत अशी की टी-लाइटला ते लागतच नाही. मेण कडक व्हावं आणि साच्यातून सहज सुटावं म्हणून ते घालतात. आपली मेणबत्ती ॲल्युमिनियमच्या वाटीतच राहते, तिला साच्यातून सोडवायचंय कुणाला? पैसे वाचतात आणि शंकाही मिटते.

सोया मेणाला धर्माची हरकत नाही. हरकत आहे ती आपल्या उन्हाची. ते साधारण ५० अंशांच्या आसपास वितळतं, आणि मे महिन्यात जळगावचा पारा ४५ ला टेकतो. उरलेला माल पत्र्याच्या खोलीत ठेवलात तर पुढच्या दिवाळीला वाट्या तेलकट आणि वाती वाकड्या निघतील. शिवाय भाव जास्त. पुण्या-मुंबईच्या बायकांना परवडतं, त्यांनी खुशाल वापरावं.

राहिलं पॅराफिन. पूर्ण रिफाइंड, ५८-६० अंशांचं घ्यावं. अर्धवट रिफाइंड स्वस्त असतं, पण त्यात तेलाचा अंश जास्त राहतो, हाताला चिकट लागतं आणि जळताना वास मारतं. किलोमागे थोडे पैसे वाचवून देवघर काळं करण्यात काय हशील?

आता काजळीचं. पॅराफिनवर सगळा राग त्यासाठीच आहे, आणि तिथेच मला वाटतं आपण चुकीच्या आरोपीला पकडलं आहे. आपल्या आज्या घरी काजळ कसं पाडायच्या ते आठवा. एरंडेलाचा किंवा तुपाचा दिवा लावायचा, वर ताटली उपडी धरायची, थोड्या वेळात बोटभर काळं जमा. त्या तुपात कुठलं पॅराफिन होतं? ज्योतीला जितकी हवा मिळते त्यापेक्षा जास्त इंधन वातीने वर ओढलं, किंवा ज्योतीच्या वाटेत काही आडवं आलं, की न जळलेला कोळसा उरतो. तीच काजळी. हे तुपाचंही होतं, सोयाचंही आणि मधमाशीच्या मेणाचंही. म्हणून स्वच्छ जळणं मेणापेक्षा वातीवर जास्त अवलंबून असतं.

आणि वातीच्या बाबतीत आपण खानदेशी बायका जरा गर्विष्ठ. दारात कपाशी, घरात फुलवाती वळलेल्या, मग विकतची वात कशाला? मीही कपाशीच्या गावची आहे, तरी सांगते, फुलवात तुपासाठी ठेवा. सैल पिळाची वात वितळलेल्या मेणात मऊ होऊन आडवी पडते, नाहीतर जास्त मेण ओढून भडकते, आणि टोकाला काळं बोंड धरते. टी-लाइटला वेणीसारखी विणलेली सुती वात हवी. अशी वात जळताना टोकाकडून किंचित वाकते, ते टोक ज्योतीच्या कडेला हवेत येतं आणि तिथेच जळून जातं. दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत मेणबत्तीचं टोक सारखं कात्रीने छाटत बसावं लागे. फ्रान्समध्ये विणलेली वात निघाली आणि ती कटकट संपली. वात आधी मेणात बुडवून ताठ केलेली असावी, खाली पत्र्याची चकती घट्ट बसलेली असावी आणि आत धातूची तार नसावी. पूर्वी काही वातींमध्ये शिशाची तार असे. अमेरिकेत २००३ पासून अशा वातींवर बंदी आहे. आपल्याला तारच नको, मग ती कशाची हे शोधायलाही नको.

जाडी मात्र पुस्तकातून ठरत नाही. एकच मेण, तीन जाडीच्या वाती, तीन वाट्या, एवढं करून पाहा. वारा नसलेल्या खोलीत तासभर जळू द्या, मग ज्योतीच्या वीतभर वर पांढरी बशी धरा. बशी काळी झाली तर वात जाड. कडेचं मेण न वितळता मध्ये खड्डा पडला तर बारीक. पेटवण्याआधी वात अर्ध्या सेंटिमीटरवर कापा. रंगासाठी मुलांचे खडू किसून घालू नका, त्याने वात तुंबते. सुगंधाची हौसही आवरती घ्या.

हिशेबही मांडते, बी.कॉम. केलं ते कुठेतरी उपयोगी पडू दे. पूर्ण भरलेल्या वाटीत १५ ग्रॅमच्या आसपास मेण बसतं आणि ती चारेक तास जळते. १ किलोत ६६ व्हायला हव्यात, पातेल्याला चिकटलेलं धरून ६३-६४ होतात. माझं म्हणणं, १० ग्रॅमच भरा. किलोत शंभराच्या जवळ होतील आणि अडीच तासांत आपोआप विझतील. माणसं जेवून झोपली तरी दारात ज्योती जळत राहाव्यात, हे कशासाठी? दिवाळीच्या सुमारास कपाशी शेतात उभी असते, तिच्यावरचे तुडतुडे आणि चिलटं उजेडाकडे झेपावतात. जयणा पाळायची तर दिवा उघडा ठेवू नये. काचेचा फानस किंवा बारीक जाळीचं झाकण ठेवा, पण खालून आणि वरून हवा खेळायला हवी. बंद काचेत ज्योत गुदमरते आणि पुन्हा तीच काजळी.

माझी धाकटी जाऊ स्थानकवासी घरातली आहे. ती म्हणते, भाभी, अग्निकायाचा आरंभ टाळता येत असेल तर लावायच्याच कशाला? तिचं चूक नाही. निर्वाणाच्या रात्री ज्ञानाचा प्रकाश गेला म्हणून राजांनी दिवे लावले, असं आपण ऐकत आलो. त्यांनी किती लावले ते कुणी मोजलं नाही. मी मात्र यंदा घरी २४ च लावणार आहे. देरासरात टी-लाइट नको, तिथे तुपाचाच दिवा शोभतो.

मंडळाच्या ऑर्डरीत मी २५ किलो पूर्ण रिफाइंड पॅराफिन लिहून ठेवलं आहे, स्टिअरिक शून्य. वातींचा आकडा रिकामा सोडलाय. रविवारी तीन जाडीच्या वाती मी आणते, तुम्ही घरातून एकेक पांढरी बशी घेऊन या.