गर्दी म्हणजे मंडळीची वाढ नव्हे

नांदेड-लातूरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत हल्ली एक युक्तिवाद सर्रास ऐकू येतो. आपण मूठभर, आपल्याला ओळखतो कोण? तेव्हा नाव झाले पाहिजे, सभेला माणसे लोटली पाहिजेत, उपदेश मोबाइलवर हजारोंनी पाहिला पाहिजे. सुवार्ता मग आपोआप पसरेल. या बोलण्यामागची तळमळ खरी आहे. पण लोकप्रियता हे निरुपद्रवी साधन आहे, हे त्यातले गृहीतच मला अमान्य आहे. लोकांच्या पसंतीवर जगणारा उपदेशक काय बोलायचे हे हळूहळू लोकांनाच ठरवू देतो. चंगाई सभेचा एखादा फलक नीट पाहा: पाळकाचा फोटो पुरुषभर, क्रूस कोपऱ्यात तळहाताएवढा, आणि आश्वासने आजार बरा होण्याची, कर्ज फिटण्याची, नोकरी लागण्याची. पश्चात्तापाला तिथे जागा उरत नाही. मंडळीतच सोयरीक जुळवताना पूर्वीची जात विचारली जाते, हुंड्याची बोलणी होतात. त्यावर व्यासपीठावरून चकार शब्द निघत नाही, कारण समोर बसलेले दुखावतील. उपदेशक खोटे काहीच सांगत नाही, पण टोचणारे खरे तेवढे गाळतो. असे वर्षानुवर्षे गाळत गेले, की एकांतात देवापुढे बसल्यावरही त्याला ते आठवेनासे होते.

यावर कोणी म्हणेल, येशूमागेही गर्दी होतीच. होती, पण योहानाचा सहावा अध्याय पुरता वाचावा. भाकरी खाऊन तृप्त झालेले लोक त्याला बळेच राजा करू पाहतात, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून जातो. दुसऱ्या दिवशी कफर्णहूमात तो इतके कठीण बोलतो, की पुष्कळ शिष्य पाठ फिरवतात, आणि त्यांना परत आणण्यासाठी तो एक शब्दही मऊ करत नाही. आपल्या महाराष्ट्रातला दाखला पंडिता रमाबाईंचा. 1887 मध्ये अमेरिकेत त्यांच्या पुस्तकाचा गाजावाजा झाला, 1889 मध्ये विधवा मुलींसाठी शारदा सदन उभे राहिले, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार झाले. एवढा लौकिक क्वचितच कुणाच्या वाट्याला येतो. रमाबाई प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार उघडे ठेवत आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. मुलींना ख्रिस्ती केले जात असल्याच्या संशयाने त्यावरून 1893 मध्ये पुण्यात वादळ उठले, सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर पुण्याची मर्जी राखता आली असती. त्यांनी ते लावले नाही. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातल्या अनाथ मुलींसाठी जे काम उभे राहिले, त्याला पुण्याची शाबासकी लागली नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप मराठवाड्यातूनच येतो. राष्ट्रपतींच्या 1950 च्या अनुसूचित जाती आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. म्हणून कागदोपत्री गप्प राहणारा विश्वासी हाही लोकांच्या मर्जीचा गुलाम मानायचा का? मुळीच नाही. येशूवर विश्वास ठेवूनही तो उघड कबूल न करणाऱ्या ज्या अधिकाऱ्यांना योहानाने बाराव्या अध्यायात दोष दिला त्यांना मान गमावण्याची भीती होती. याला मुलाचे शिक्षण गमावण्याची आहे. दोघांना एकाच तराजूत घालणे हा अन्याय होईल. उलट, अशा माणसाला प्रसिद्ध उपदेशकाचा काडीचाही उपयोग नाही. फी भरायच्या दिवशी घरी येणारी, फोटो न काढणारी चार माणसे त्याला हवी असतात. येत्या सभेच्या फलकांवरचा खर्च मंडळ्यांनी अशा घरांकडे वळवावा, आणि देणाऱ्यांची नावे रविवारी वाचून दाखवू नयेत.