कापसाच्या बर्फाखालचे गाव

आगमनकाळ सुरू झाला की वसईच्या घराघरांत गोठ्याची लगबग सुरू होते. माळ्यावरची खोकी खाली येतात, पुतळ्यांवरची धूळ झटकली जाते, तुटलेल्या मेंढ्यांचे पाय चिकटवले जातात. अलीकडे या गोठ्याभोवती एक आख्खे गावही वसू लागले आहे. चिनीमातीची टुमदार घरे, त्यांची धुराडी, बर्फावरून धावणारी घोडागाडी, सूचिपर्णी झाडे आणि या सर्वांवर अंथरलेला कापसाचा बर्फ. आत दिवे लावले की खिडक्या उजळतात आणि येणारेजाणारे माना डोलावतात. आम्हांला मात्र हे कौतुक करवत नाही.

आमचा आक्षेप हवामानाबद्दल नाही. बेथलेहेमातही कधीमधी बर्फ पडतो. पीटर ब्रूगेल या फ्लेमिश चित्रकाराने १५६६ साली बेथलेहेमच्या शिरगणतीचे चित्र रंगवले. त्यातले गाव बर्फाने भरलेले आहे. मुले गोठलेल्या पाण्यावर खेळत आहेत, एका दारापुढे डुक्कर कापले जात आहे आणि त्या गर्दीत गाढवावर बसलेली मरिया शोधूनच काढावी लागते. पण तो बर्फ ब्रूगेलच्या अंगणातला होता. आपल्या गावच्या थंडीत, आपल्या गावच्या गर्दीत त्याने प्रभूच्या मातेला आणले. नेपल्सच्या कारागिरांनीही तेच केले. त्यांच्या गोठ्याभोवती मासे विकणारे, पाव भाजणारे, खानावळवाले असे त्यांच्याच गल्लीतले लोक उभे असतात. आपण या मंडळींचा बर्फ उचलला, त्यांचे धाडस उचलले नाही.

मुळात संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ साली ग्रेच्चो येथे जो गोठा उभा केला, त्यात पुतळे नव्हतेच. गव्हाण होती, गवत होते, जिवंत बैल आणि गाढव होते. आसपासचे लोक मेणबत्त्या व मशाली घेऊन डोंगरावर आले आणि गव्हाणीपाशी मिस्सा झाली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली त्याच ग्रेच्चोत गोठ्याविषयीच्या पत्रावर सही केली. लोहार, पाववाला, वादक, पाण्याच्या घागरी नेणाऱ्या स्त्रिया यांनाही गोठ्यात जागा आहे, असे ते त्या पत्रात आवर्जून सांगतात.

मग आमच्या गोठ्यात आमची माणसे कुठे आहेत? फुलांची टोपली घेऊन पहाटेची लोकल गाठणारी बाई, पानवेलीला पाणी देणारा वाडीवाला, पाचूबंदरचा कोळी यांपैकी एकही नाही. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मरियेला साडी नेसवली, तेव्हा आपल्याच धर्मबांधवांनी त्यांना नावे ठेवली. साडीतली मरिया परकी आणि लोकरी कोटातला मेंढपाळ जवळचा, ही आपली आवड अजून पुरती गेलेली नाही.

हा केवळ सजावटीचा प्रश्न असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. २००९ साली महानगरपालिका झाली, तेव्हा आमची गावे वगळा म्हणून आपणच रस्त्यावर उतरलो होतो. बाहेर ज्या गावासाठी भांडलो, त्याला घरातल्या गोठ्यात चार इंच जागा देत नाही! बावखले भराव टाकून बुजवली जात आहेत, रहाट इतिहासजमा झाले, आणि मुले मात्र कधी न पाहिलेल्या धुराड्यांची जागा हौसेने ठरवत आहेत. ज्या मुलाने एकदा ताटलीत पाणी ओतून बावखल केले, काठाला नाचणी पेरून ती उगवताना पाहिली, त्याला खऱ्या बावखलात डंपर रिकामा होताना निदान काही खटकेल.

सदनिकेत राहणाऱ्यांना जागा नाही, दोघेही नोकरीला जातात, बाजारातले तयार गाव सोयीचे पडते, हे आम्ही जाणतो. (आमच्याही कपाटात त्या कापसाची एक गुंडाळी आहे. असो.) शिवाय कौलारू घरांचा देखावा करून जुन्या वसईची आठवण काढत बसावे, असेही आमचे म्हणणे नाही. गावात आज इमारती आहेत, तर गोठ्यातही इमारत येऊ द्या. खोक्याची चालेल. तिच्या दारात पहारेकरी बसवा. बांधकामावरची आदिवासी बाई आणा. संत लूक सांगतात की उतारशाळेत त्या कुटुंबाला जागा नव्हती. भाड्याच्या खोलीसाठी दारोदार फिरणारे आणि आपल्या आळीतून नकार घेऊन परतणारे परप्रांतीय जोडपे गोठ्याच्या वाटेवर ठेवले, तर घरातल्या मोठ्यांनाही ते पाहताना जरा अवघडल्यासारखे होईल. गोठा स्पर्धांच्या परीक्षकांनी यंदा दिव्यांच्या माळा मोजण्याआधी ती वाट पाहावी, एवढी आमची विनंती आहे.

आणि कापसाऐवजी पेंढा अंथरा. तो अजून मिळतो. ओळखीच्या शेतकऱ्याकडे मागितला तर फुकटही.