ओव्हरटाइम कोणाच्या वाट्याला?

कारखान्यातील कामगाराकडून एका तिमाहीत घेता येणाऱ्या जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. त्यावरील सारी चर्चा तासांच्या आकड्याभोवतीच फिरली. कामगाराच्या लेखी संमतीची अट मात्र जवळजवळ दुर्लक्षित राहिली. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या केंद्राच्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनेही ओव्हरटाइमसाठी दुप्पट वेतन आणि कामगाराची संमती या दोन्ही गोष्टी बंधनकारक केल्या. परंतु दहा जण तयार असताना काम कोणाला द्यावे आणि नकार देणाऱ्यावर सुपरवायझरने पुढे डूख धरला तर काय, हे प्रश्न त्या कलमाच्या कक्षेबाहेरच राहतात.

प्रत्यक्ष कारखान्यात ओव्हरटाइम हे बक्षीसही असते आणि शिक्षाही. दुप्पट दराने मिळणाऱ्या चार तासांवर एखाद्याच्या घराचा हप्ता भागतो. तेच चार तास सणाच्या आदल्या संध्याकाळी लादले गेले की नकोसे होतात. दोन्हींच्या चाव्या एकाच माणसाच्या खिशात असतील, तर संमतीची सही कितपत स्वेच्छेची, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर कायद्याने नव्हे, संघटनांच्या करारांनी दिले. तेथील १९३८ चा कायदा आठवड्याला ४० तासांनंतर दीडपट वेतन देण्यास सांगतो. प्रौढ कामगाराच्या एकूण तासांना मात्र तो कोणतीही मर्यादा घालत नाही. साहजिकच वाटपाचे नियम करारात आले. तेथील टपाल खात्यातील करार या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. जादा काम हवे असलेले कर्मचारी प्रत्येक तिमाहीपूर्वीच्या दोन आठवड्यांत यादीत नाव नोंदवतात आणि काम आधी त्यांच्याकडे जाते. यादी अपुरी पडली तरच इतरांना बोलावले जाते, तेही आळीपाळीने. अनेक विभागांत ही सक्तीची पाळी कनिष्ठापासून सुरू होते. ज्येष्ठतेचा हा लाभ नव्या कर्मचाऱ्यांना खुपणारच, पण निदान तो कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसतो.

मोटार उद्योगातील अनेक करारांत प्रत्येकाच्या जादा तासांची नोंद ठेवली जाते आणि सर्वांत कमी तास असलेल्याला आधी विचारले जाते. त्याने नकार दिला तरी ते तास त्याच्या नावावर चढतात, म्हणजे नकाराचीही किंमत आधीच ठरलेली असते. क्रम डावलला गेल्यास संघटना तक्रार करते आणि प्रकरण लवादापर्यंत जाऊ शकते.

अर्थात, करार असला म्हणजे सारे सुरळीत, असे नाही. कॅन्सस राज्यातील टोपिका येथील फ्रिटो-ले कारखान्यात संघटना होती, करारही होता. तरीही जुलै २०२१ मध्ये तेथील कामगार सुमारे तीन आठवडे संपावर गेले. सक्तीचा ओव्हरटाइम आणि दोन पाळ्यांमध्ये अवघी आठ तासांची उसंत, ही त्यांची मुख्य तक्रार होती. आठवड्यातून एक सुटी नक्की मिळेल, एवढे साधे कलम पदरात पाडून घेण्यासाठी त्यांना संपावर जावे लागले.

महाराष्ट्रातील वाटाघाटींचा भर वेतनवाढ, बोनस आणि कॅन्टीन-बससारख्या सुविधांवर असतो; ओव्हरटाइमच्या वाटपाची चर्चा त्या मानाने क्वचितच होते. नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरते. अशा संघटनेला पुढील करारात वाटपाची यादी, तासांची फलकावरील नोंद आणि प्रत्येक वेळी स्वतंत्र संमती ही कलमे मागता येतील. रुजू होतानाच्या कागदपत्रांत एकदाच घेतलेली सही पुढची सारी वर्षे चालवली जाणार नाही, एवढे तरी त्यातून साधेल. कंत्राटी कामगारांपर्यंत मात्र हा करार पोहोचणे अवघड आहे. त्यांचा मालक ठेकेदार असतो, आणि वाटाघाटीच्या टेबलावर तो नसतो.