नर्सिंगला जायचंय? आधी ड्यूटीवरच्या सिस्टरशी बोला

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत एक प्रश्न घरोघर फिरतो. मुलीला नर्सिंगला घालायचं का? मग विजेच्या खांबावरचा कागद नजरेस पडतो : 'सहा महिन्यांत नर्स व्हा, नोकरीची हमी.' आई बचत गटातून कर्ज काढते, फी भरते. कोर्स संपतो आणि मुलगी एखाद्या खासगी दवाखान्यात हेल्पर म्हणून लागते. नर्स म्हणून नाही, कारण त्या प्रमाणपत्रावर नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणीच होत नाही. आमच्या वस्तीत अशा तीन मुली आहेत. म्हणून हे लिहीत आहोत.

आमचं म्हणणं एवढंच : क्लासवाल्याला विचारण्याआधी काम करणाऱ्या नर्सला विचारा. आम्ही तेच केलं. एका रविवारी वंदना झाल्यावर सरकारी रुग्णालयात बारा वर्षं नोकरी केलेल्या एका ताईंना विहारात बोलावलं. नाईट संपवून त्या थेट आल्या होत्या.

पहिला प्रश्न एका आईचा होता. "ताई, माणसांची घाण काढावी लागते का हो?" विहार गप्प झालं. हा प्रश्न आपल्या घरांत मोठा आहे. बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढायची कामं सोडायला लावली, आता लेकीला पुन्हा घाणीत पाठवायचं का?

ताई म्हणाल्या, "लागते. पण बेडपॅन देताना मी लघवीचा रंग बघते, किती झाली ते मोजते, कागदावर लिहिते. त्या नोंदीवरून डॉक्टर औषध बदलतात."

आम्हाला यात उत्तर सापडलं. गावकीचं काम जन्मावरून गळ्यात पडत होतं. त्याला शिक्षण नव्हतं, पगार नव्हता, नाही म्हणायची सोय नव्हती. नर्सिंग शिकून घेतलेलं, परीक्षा देऊन मिळवलेलं काम आहे. जुलाबाने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन आपल्या हाताने धुतलं, हे आपण विहारात ऐकतोच. सेवेत कमीपणा नाही. कमीपणा लादण्यात होता. आणि रुग्णालयात झाडू मारायला आपली माणसं चालतात, तर नोंदणीकृत नर्सच्या टेबलावरही आपली मुलं बसलीच पाहिजेत.

पण ताईंनी गोड गोड सांगितलं नाही. एका रात्री चाळीस खाटांना दोन सिस्टर असतात. पाय सुजतात, कंबर धरते. नातेवाईक अंगावर येतात. सुई टोचण्याचा धोका असतो, म्हणून वॉर्डात पाऊल टाकण्याआधी हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस घ्यायलाच हवेत. कुणी आडनाव विचारून मग हातचं पाणी घ्यायचं की नाही ते ठरवतं, हेही त्यांनी पाहिलं आहे. "इंजेक्शनला मात्र हात पुढे करतात," असं म्हणून त्या हसल्या. आम्हाला हसू आलं नाही.

पगाराचंही बोलणं झालं. सरकारी नोकरीत तो बरा. खासगीत मात्र 2016 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान 20,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली, तरी अनेक छोटी रुग्णालयं त्याहून कमीच देतात. मुलीने हे आधीच जाणून असावं.

आता अभ्यासक्रमांचं. एएनएम दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी. गावात लसीकरण करणाऱ्या, गरोदर बाईची तपासणी करणाऱ्या सिस्टर त्यातूनच येतात. जीएनएम तीन वर्षांचा, मुलगेही करू शकतात. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्याला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, सीईटीही द्यावी लागते. जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून पदवी घेता येते. यापेक्षा छोटा कोर्स कुणी 'नर्स' म्हणून विकत असेल तर उठून या. संस्था महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का, हे बघितल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

पैशासाठी घाबरू नका, पण कागदांसाठी धावपळ आजच सुरू करा. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. नवबौद्धांना दोन्ही लागू आहेत. कागद अपुरे म्हणून जागा गेली, असं पुन्हा ऐकायला नको.

आमची प्रत्येक विहार समितीला विनंती आहे. फॉर्म भरायच्या आधी एक रविवार यासाठी ठेवा. एखाद्या सिस्टरला किंवा ब्रदरला बोलवा आणि मुलांनाच विचारू द्या : तुमची पहिली नाईट कशी गेली? रडू कधी आलं? सोडावंसं वाटलं का, आणि का नाही सोडलं? आयांनी लग्नाचं, पाळ्यांचं, घरी यायच्या वेळेचं विचारावं. आणि ज्या सिस्टर आता वस्ती सोडून कॉलनीत राहायला गेल्या आहेत, त्यांनाही सांगणं आहे. समाजाचं देणं फेडायला पावतीपुस्तकच लागतं असं नाही. तुमचे दोन तास द्या.

उठता उठता त्या तिघींपैकी एकीने ताईंना हळूच विचारलं, "मला आता उशीर झाला का?" ती तेवीस वर्षांची आहे. ताई म्हणाल्या, "नाही गं. बारावीची मार्कलिस्ट घेऊन उद्या घरी ये. मी दुपारपर्यंत झोपलेली असते, चारनंतर ये."

ती गेली होती.