हसू कोणावर आहे?

विनोद म्हणजे निव्वळ करमणूक, हा गैरसमज आहे. डेव्ह शॅपेल या कृष्णवर्णीय अमेरिकन विनोदवीराने २००३ साली ‘शॅपेल्स शो’च्या पहिल्याच भागात क्लेटन बिग्सबी हे पात्र उभे केले. जन्मांध, स्वतः काळा. पण ते ठाऊक नसल्याने गोऱ्या वर्चस्वाचा कट्टर प्रचारक! द्वेष डोळ्यांनी दिसत नाही, तो डोक्यात भरला जातो, हे एका प्रहसनाने दाखवून दिले.

२००५ मध्ये मात्र सुमारे ५ कोटी डॉलरचा करार सोडून तो निघून गेला. तोंडाला काळे फासून तो एक प्रहसन करत असताना तिथला एक गोरा माणूस ज्या तऱ्हेने हसला, ते त्याला खटकले. हे त्याने पुढे ओप्रा विन्फ्रीला सांगितले. एकोणिसाव्या शतकात गोरे नट असेच तोंडाला काळे फासून काळ्यांची टिंगल विकत होते. वर्णद्वेषावर मारलेला टोला पुन्हा काळ्यांवरच उलटत असेल, तर तो प्रबोधन कसा ठरेल?

आंबेडकरी जलशांनीही विनोदाचे हत्यार वापरले, पण त्याचा रोख भटशाहीवर आणि अंधश्रद्धेवर होता. म्हणून रील बनवणाऱ्या मित्रांनो, लाइक मोजण्याआधी पाहा : लोक जातीवर हसताहेत की आपल्या माणसांवर?

जय भीम!