दुसऱ्या टीमचा पहिला अंक

परवा ऑफिसात जेवताना वाद झाला. विषय नेहमीचाच, सुपरहिरो. आमच्यातला एक उत्साही प्राणी डबा उघडता उघडता म्हणाला, "एक्स-मेन म्हणजे स्टॅन ली. बाकीचे सगळे नुसते हाताखालचे." भाजी गार झाली तरी वाद संपेना. म्हणून हा शनिवारचा खटाटोप.

तर मंडळी, आधी थोडा इतिहास. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचा 'एक्स-मेन' सप्टेंबर १९६३ च्या अंकाने सुरू झाला. पाच अमेरिकन पोरं आणि चाकाच्या खुर्चीतला एक प्रोफेसर. कल्पना झकास, पण खप यथातथाच. १९७० मध्ये, ६६ व्या अंकानंतर नव्या कथा बंद झाल्या आणि ६७ ते ९३ या अंकांत जुन्याच कथा परत छापल्या गेल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्ट मेंटेनन्सला टाकलं, नवीन फीचर शून्य.

मग १९७५ मध्ये आला 'जायंट-साईझ एक्स-मेन'चा पहिला अंक. किंमत ५० सेंट. लेखक लेन वेन, चित्रकार डेव्ह कॉक्रम. क्राकोआ नावाच्या बेटावर जुनी टीम अडकते, एकटा सायक्लॉप्स परत येतो, आणि प्रोफेसर जगभर फिरून नवी माणसं गोळा करतो. जर्मनीतला नाईटक्रॉलर, केनियातली स्टॉर्म, सोव्हिएत शेतावरचा कोलोसस, कॅनडाचा वुल्व्हरिन, आयर्लंडचा बॅन्शी, जपानचा सनफायर, अपाची थंडरबर्ड. शेवटी कळतं की ते बेटच जिवंत आहे. मग मूळ मालिका ९४ व्या अंकापासून या नव्या टीमला घेऊन सुरू झाली, सूत्रं क्रिस क्लेअरमाँटकडे आली आणि १९९१ पर्यंत त्याच्याकडेच राहिली. त्या वर्षी नव्याने काढलेल्या 'एक्स-मेन' अंक १ च्या ८० लाखांहून जास्त प्रती छापून दुकानांत गेल्या. मेंटेनन्समधलं प्रॉडक्ट कंपनीचा कणा झालं.

आता सांगा, तुमच्या टी-शर्टवर कोण आहे? वुल्व्हरिन. लीने पाया घातला, मान्य. पण ज्या घरात आपण राहतो त्याचे मजले दुसऱ्यांनी चढवले. मग दारावर पाटी एकाचीच का?

आणि नुसत्या पाटीचा प्रश्न असता तर मी भाजी गरम करून गप्प खाल्ली असती. प्रश्न पैशाचा आहे. नाईटक्रॉलर हा कॉक्रमने आधीच स्वतःच्या डोक्याने रचलेला होता. डीसीच्या 'लीजन ऑफ सुपर-हिरोज'साठी त्याने तो सुचवला, तिथे नाकारला गेला, म्हणून तो वहीतच राहिला आणि पुढे मार्व्हलमध्ये आला. म्हणजे शनिवार-रविवारचं स्वतःचं काम कंपनीच्या रेपॉझिटरीत टाकल्यासारखंच की! त्या काळात मानधनाच्या चेकमागेच हक्क सोडल्याचा मजकूर छापलेला असे. चेक वटवायचा तर मागे सही करा, की पात्र कंपनीचं. २००४ मध्ये कॉक्रम गंभीर आजारी पडला तेव्हा चित्रकार मित्रांना त्याच्यासाठी मदत गोळा करावी लागली. त्यानंतर मार्व्हलने त्याच्याशी आर्थिक समझोता केला. २००६ मध्ये तो गेला. तोवर त्याच्या पात्रांवरचे सिनेमे जगभर धो धो चालले होते.

"अरे पण त्यांना अटी माहीत होत्या ना?" हा आमच्या मित्राचा हुकमी एक्का. होत्या की! पण दुसरी वाट होतीच कुठे? आणि अटी बदलता येतच नाहीत, हेही खोटं आहे. लेन वेनने स्वतः मुलाखतींत सांगितलंय की वुल्व्हरिनपेक्षा त्याला लुशियस फॉक्समुळे जास्त पैसे मिळाले. हा लुशियस म्हणजे बॅटमनच्या गोष्टींतला एक दुय्यम माणूस. डीसीने निर्मात्यांना वाटा द्यायची पद्धत ठेवली होती, एवढाच फरक. धंदा तोच, देश तोच. वाटा देऊन डीसी काही बुडाली नाही.

"जोखीम कंपनीने घेतली." बरोबर, म्हणून मोठा वाटा कंपनीचा. पण मोठा म्हणजे सगळा, हे कुठल्या गणितात बसतं?

आता कोणी म्हणेल, अमेरिकेतल्या चित्रकारांचं सुतक आपल्याला कशाला? तर आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक सहसा मालकच, वेगळा करार नसेल तर. ते 'वेगळा करार नसेल तर' फार महत्त्वाचं आहे. पण जॉईन होताना आपण फक्त सीटीसीचा आकडा बघतो आणि बाकीच्या पानांवर खालती सह्या ठोकतो. काही करारपत्रांत तर घरी, स्वतःच्या मशीनवर, रविवारी लिहिलेला कोडसुद्धा कंपनीचा असं लिहिलेलं असतं. चेकच्या मागे सही आणि पान १४ वर सही, फरक फक्त कागदाच्या आकाराचा.

श्रेयाचं म्हणाल तर आपला खाक्या ठरलेला आहे. बग निघाला की गिट ब्लेम, नाव-तारखेसकट. प्रॉडक्ट चाललं की 'टीम एफर्ट', आणि स्टेजवर एकच माणूस.

माझं म्हणणं एवढंच. पुढच्या वेळी कोणी 'अमुक म्हणजे तमुक' असं एका नावावर उरकलं, तर त्याला विचारा, ९४ वा अंक कोणी लिहिला? आणि सोमवारी ऑफिसला गेलात की आपलं करारपत्र शोधून शेवटपर्यंत वाचा. मी काल रात्री माझं वाचलं. रविवारवालं कलम त्यात आहे. ते काढून द्या म्हणून एचआरला मेल लिहून ठेवलाय, सकाळी धाडणार. बघू काय म्हणतात.

असो. डबा घेऊन या, वाद अजून बाकी आहे.