घर ‘स्मार्ट’, पण बोली निराळ्या

राज्यातील इतर जिल्ह्यांप्रमाणे भंडारा जिल्ह्यातही महावितरणच्या स्मार्ट मीटरची चर्चा वीजबिल आणि सक्ती या दोन मुद्द्यांभोवतीच फिरली. या गदारोळात एक महत्त्वाची बाब नजरेआड झाली. मीटर कोणत्याही कारखान्यात तयार झालेला असो, त्याने ‘आयएस १६४४४’ या २०१५ च्या भारतीय मानकाचे पालन केले पाहिजे आणि ‘डीएलएमएस’ या ठरलेल्या पद्धतीतच माहिती दिली पाहिजे, असे बंधन आहे. मीटरच्या अलीकडे, म्हणजे प्रत्यक्ष घरात, ग्राहकाला असे कोणतेही संरक्षण नाही.

मोबाइलवरून चालणारे दिवे, पंखे, कुलपे आणि पाण्याच्या मोटारी आता लहान शहरांतही ऑनलाइन खरेदीने पोहोचत आहेत. ही उपकरणे वायफाय, ब्लूटूथ, झिग्बी, झेड-वेव्ह किंवा थ्रेड यांपैकी कोणत्या तरी बिनतारी पद्धतीने बोलतात आणि ‘हब’ नावाचे यंत्र त्यांच्यात दुभाष्याचे काम करते. झिग्बी आणि थ्रेड यांचा रेडिओ एकाच जातीचा. तरीही एकाचे बोलणे दुसऱ्याला कळत नाही. झेड-वेव्हची अडचण आणखी वेगळी. भारतात ती ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालते, तर अमेरिकेत ९०८ मेगाहर्ट्झवर. परदेशातील नातलगाने प्रेमाने आणलेले असे उपकरण येथील हबशी जुळत नाहीच. शिवाय त्याची कंपनसंख्या येथे मोबाइल सेवेसाठी राखलेल्या पट्ट्यात येते.

या गोंधळावर उतारा म्हणून ॲपल, गूगल, ॲमेझॉन आणि सॅमसंग या एरवीच्या प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मॅटर’ हे समान मानक आणले. ते स्वागतार्ह असले, तरी रामबाण नाही. झिग्बीची जुनी उपकरणे त्यात थेट सामील होत नाहीत. त्यांना जोडणारे मधले यंत्र लागते. थ्रेडवरील उपकरणांना ‘बॉर्डर राउटर’ हवा असतो. शिवाय दिवा लावणे-विझवणे यांसारखी मूलभूत कामे जुळली, तरी खास सोयी बहुधा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्येच अडकून राहतात.

याची किंमत किती असू शकते, हे अमेरिकेतील ‘रिव्हॉल्व्ह’ हबने दाखवून दिले. सुमारे ३०० डॉलरचा हा हब बनवणारी कंपनी नेस्टने २०१४ मध्ये विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवाच बंद केली. ग्राहकाच्या हाती निव्वळ प्लॅस्टिकचा डबा उरला. साकोली, पवनी किंवा लाखांदूरच्या ग्राहकाला तर तंत्रज्ञासाठीही नागपूरकडे पाहावे लागण्याची शक्यता अधिक. इंटरनेट खंडित होताच घरचा दिवाही हुकूम मानेनासा झाला, तर ती सोय कसली?

हा केवळ हौसेचा प्रश्न उरलेला नाही. जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी दिवसाच्या विजेला सवलत लागू करण्यात आली. मोटार किंवा गिझर त्या वेळेत आपोआप चालला, तर सवलतीचा खरा लाभ. त्यासाठी उपकरणे, हब आणि मीटर यांचा मेळ बसायला हवा.

दिव्याच्या होल्डरमध्ये कोणत्याही कंपनीचा बल्ब बसतो, कारण त्याची मापे ठरलेली आहेत. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलसाठी एकच चार्जर-जोडणी बंधनकारक केली. भारतीय मानक ब्यूरोनेही निदान एवढे करावे: उपकरण कोणत्या पद्धतीने बोलते, इंटरनेटविना चालते का आणि त्याला सेवा किती वर्षे मिळणार, हे वेष्टनावर मराठीसह स्थानिक भाषांत छापणे सक्तीचे करावे. तोवर हेच तीन प्रश्न विचारल्याशिवाय ग्राहकाने खिशात हात घालू नये. वीज कंपनीला मीटरसाठी समान भाषेची हमी मिळू शकते, तर बिल भरणाऱ्यालाही ती मिळालीच पाहिजे.